मृण्मयीला ‘मिड-डे’ वाचू दे

दादर, मुंबई
दि. १२ जुलै

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस, म्हणून हे पत्र. तुझ्या मृण्मयीने पत्रकारितेच्या कोर्सला प्रवेश घेतला, मुंबईत कुठला पेपर वाचू असं या काकाला विचारलं, आणि मी ‘मिड-डे’ सांगितला. त्यावर तू चिपळूणहून जे काही बोललास ते वहिनींच्या धाकाने इथे लिहीत नाही. “अग्रलेख वाचायच्या वयात पोरीला नट्यांच्या भानगडी वाचायला लावतोस” हा त्यातला सर्वांत सभ्य भाग.

अग्रलेख वाचू दे की. ‘लोकसत्ता’, ‘मटा’ हॉस्टेलवर येतच असतील. पण मोठा पेपर सकाळी दिल्लीहून निघतो आणि फार तर मंत्रालयापर्यंत पोचतो. टॅब्लॉइड, म्हणजे ‘मिड-डे’सारखा छोट्या आकाराचा शहरी पेपर, सुरू होतो तोच मुळी स्टेशनाबाहेरच्या खड्ड्यापासून. आमच्या जी-उत्तर वॉर्डात कुणाच्या गच्चीवर रातोरात मजला चढला, कुठल्या पादचारी पुलाची पायरी हलते, कुठल्या महापालिका शाळेत पाणी येत नाही, हे त्यात असतं. पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी काढते. मोठ्या पेपरात तो आकडा येतो, एक कॉलम, संपलं. टॅब्लॉइडचा वार्ताहर त्या चाळीचा जिना चढून जातो आणि माणसं घर का सोडत नाहीत ते विचारून येतो. संक्रमण शिबिर पार कुठल्या कुठे, मुलांची शाळा इथे, आणि एकदा बाहेर पडलो की परत येऊ याची हमी कोण देणार? ज्या मुलीला बातमी लिहायला शिकायचंय तिने हे वाचायचं नाही तर काय वाचायचं?

आणि तू कुणाला सांगतोस? आपण फोर्टात नोकरीला होतो तेव्हा जेवणाच्या सुट्टीत पेपर कोण विकत घ्यायचं? कसोटी चालू असली की तुझा अर्धा डबा तसाच राहायचा. शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात करायचास, खेळ आधी, मग पुढारी. तोकड्या कपड्यांतल्या त्या ‘मिड-डे मेट’ बाईचं पान मात्र व्हीटीला गाडीत चढायच्या आधी सफाईने काढून टाकायचास आणि उरलेला सोज्ज्वळ पेपर घरी न्यायचास. वहिनींना अजून माहीत नसेल तर हे पत्र जपून ठेव.

खालिद अन्सारींनी ‘मिड-डे’ १९७९ साली काढला. नावातच त्याची वेळ आहे. सकाळचे पेपर छापून झाल्यावर जे घडलं ते दुपारी द्यायचं, कचेऱ्या सुटायच्या आत. बेहराम कॉन्ट्रॅक्टर, म्हणजे आपला ‘बिझीबी’, आधी तिथेच होता. १९८५ साली तो बाहेर पडला आणि त्याने ‘आफ्टरनून’ काढला. इराणी हॉटेलं, बसचे कंडक्टर, पाऊस, असल्या विषयांवर तो रोज थोडंसं लिहायचा आणि त्यात मुंबई अशी दिसायची की आपल्यालाही वाटायचं, अरे, हे तर आपण रोज बघतो. आपल्या भाषेत १९९० साली निखिल वागळ्यांचं ‘आपलं महानगर’ आलं. संध्याकाळचा पेपर म्हणजे लॉटरीचे निकाल आणि खून, ही आपली समजूत त्याने मोडली. शिवसेनेवर थेट लिहायचं आणि हल्ले झेलायचे, तरी दुसऱ्या दिवशी अंक स्टॉलवर हजर. पुण्यात बदली झाली तेव्हा तू ‘संध्यानंद’च्या आहारी गेला होतास, तेही मला ठाऊक आहे. कुठल्याशा देशातल्या दोन डोक्यांच्या वासराची बातमी तू मला इनलँड पत्रावर कळवली होतीस.

आकाराचंही आहेच. सेकंड क्लासमध्ये विरारच्या गर्दीत मोठा पेपर उघडून दाखव मला. चार घड्या घालून एकेक कॉलम वाचावा लागतो आणि पान उलटायचं म्हणजे शेजाऱ्याच्या नाकाला कोपर. हा छोटा पेपर खांद्याच्या रुंदीत मावतो. शिवाय तो एकट्याने वाचायचा नसतोच. “मधलं पान द्या हो जरा” म्हणत तो डब्याभर फिरतो, आणि आपलं स्टेशन येईपर्यंत परत मिळाला तर मिळाला.

‘मुंबई मिरर’ २००५ मध्ये आला तेव्हा डॉ. महिंदर वत्सांच्या सदरावर तू नाक मुरडलं होतंस. ऐंशी ओलांडलेले डॉक्टर, लोकांच्या पलंगावरच्या शंकांना दोन ओळींत कोरडी, खट्याळ उत्तरं द्यायचे. लोक हसायला वाचायचे हे खरंच. पण ते प्रश्न बघ एकदा. लग्न ठरलेला मुलगा आणि त्याला घरीदारी विचारायला एकही माणूस नाही. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’मध्ये हेच केलं, आणि त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. वत्सांची उत्तरं लोकलमध्ये उघडपणे वाचली गेली, ही टॅब्लॉइडची कमाई मी मानतो. कुठल्याही गंभीर पेपराला हे जमलं नसतं, कारण गंभीर पेपराला चारचौघांत हसायचं भय असतं.

आता तुझी बाजू. ती तू नीट मांडली नाहीस, म्हणून मीच मांडतो. नट्यांच्या भानगडी हे या पेपरांचं सर्वांत निरुपद्रवी पाप. त्यातल्या निम्म्या बातम्या नट्यांनी स्वतःच पाठवलेल्या असतात. खरा घोळ वेगळा आहे. ज्या जवळिकीमुळे पेपर गोड लागतो, तीच जवळीक ज्याचं नाव छापलं जातं त्याला खाते. तो काही दिल्लीतला मंत्री नसतो. तो तुझ्याच गाडीने जातो, त्याच्या सोसायटीतही तोच पेपर येतो.

नानावटी खटला आठव. २७ एप्रिल १९५९. नौदलाचा अधिकारी नानावटी याने बायकोच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या. रूसी करंजियांचं ‘ब्लिट्झ’ हे साप्ताहिक होतं, पण जातकुळी टॅब्लॉइडचीच. त्याने मारणाऱ्याला शूर, अब्रूदार नवरा ठरवलं आणि मेलेल्याला लंपट. एरवी पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना गेला म्हणतात. फेरीवाले खेळण्यातली नानावटी पिस्तुलं आणि आहुजा टॉवेल विकत होते. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी निर्दोष ठरवलं. उच्च न्यायालयाने तो निकाल टिकू दिला नाही, जन्मठेप झाली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली, आणि १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिली. आहुजाची बाजू सांगायला आहुजा नव्हता. वाचकांना गोष्ट हवी होती, गोष्टीला खलनायक हवा होता, आणि मेलेला माणूस काही अब्रुनुकसानीचा दावा लावत नाही.

तेव्हापासून तंत्र फारसं बदललेलं नाही. नव्वदच्या दशकात गुंडांना टोपणनावांसकट घराघरात कुणी पोचवलं? चकमकीत किती मारले याचे आकडे एखाद्या फलंदाजाच्या शतकांसारखे कुणी छापले? पोलिसांनी सांगायचं, ‘सूत्रांकडून समजते’ म्हणून आपण छापायचं, आणि मारला गेलेला खरंच कोण होता हे विचारायला परत कुणी त्या गल्लीत जायचं नाही.

आणि मग याच्या बरोबर उलटं म्हणून जे. डे. ‘मिड-डे’चे गुन्हेवार्ता संपादक. टेबलावर बसून सूत्रं जमवणारा माणूस नव्हे. ११ जून २०११ रोजी दुपारी पवईत मोटारसायकलवरून जात असताना त्यांना गोळ्या घातल्या. छोटा राजनला त्या खुनासाठी २०१८ साली जन्मठेप झाली. म्हणजे ज्याला तू भानगडींचा पेपर म्हणतोस, त्याच्या एका बातमीदाराने तिथे जीव दिलाय. त्याच खटल्यात एका महिला पत्रकाराला अटक झाली होती. तेव्हा टॅब्लॉइडच काय, सगळ्याच माध्यमांनी, अग्रलेखवाल्या मोठ्यांनीसुद्धा, सूत्रांच्या हवाल्याने तिच्याबद्दल काय काय लिहिलं ते तू तेव्हा चवीने वाचलं असशील. मीही वाचलंच. काही महिने ती भायखळ्याच्या तुरुंगात होती. २०१८ च्या त्याच निकालात ती निर्दोष सुटली. अटकेला जेवढी जागा मिळाली त्याच्या पासंगालाही सुटका पुरली नाही.

म्हणून मृण्मयीला मी एक काम दिलंय, ते तुला सांगायचं राहिलं. पहिल्या पानावरचा एखादा गुन्हा घ्यायचा, कात्रण वहीत चिकटवायचं आणि त्या खटल्याचा निकाल लागेपर्यंत मागे लागायचं. आरोपपत्र कधी आलं, जामीन कधी झाला, साक्षीदार कोण फिरले, शेवटी काय झालं. पेपर ती गोष्ट अर्ध्यात टाकून देईल, तेव्हा तिने सेशन्स कोर्टात जाऊन बसायचं. वर्षभरात तिला जे कळेल ते कुठल्या कोर्सात शिकवत नाहीत. आणि मथळा वाचला की आधी बघायचं, हे सांगितलंय कुणी? नाव आहे, की नुसतीच सूत्रं?

घाई मात्र करायला हवी. हे पेपर लोकलवर जगत होते. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली, घरोघरी पेपर टाकणं काही काळ थांबलं, आणि डिसेंबरात ‘मिरर’चा रोजचा अंक बंद करून तो साप्ताहिक केला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला डॉ. वत्साही गेले, शहाण्णवाव्या वर्षी. ‘मिड-डे’ तर केव्हाचाच सकाळचा झालाय, नाव तेवढं दुपारचं. परवा दादरला गाडीत चढलो तर डब्यात माझ्याच हातात पेपर. बाकी सगळे मोबाइलवर. त्यातही खून, नट्या, क्रिकेट तेच; पण आमच्या पुलाची हलणारी पायरी त्यात कुठे येत नाही. ती बघायला पगारी माणूस पाठवावा लागतो.

असो. तुझ्या मुलीच्या हॉस्टेलचं जेवण बेताचंच दिसतंय, म्हणून तिला दर रविवारी इकडे जेवायला बोलावलंय. मेगाब्लॉक असला तर बसने येईल. तिच्या खोलीची अनामत रक्कम मी भरलीय, तू गणपतीनंतर दिलीस तरी चालेल. येताना आमसुलं आण, बाजारातली नकोत, वहिनींनी केलेली. आणि मृण्मयी पेपर वाचते म्हणून तिला फोनवर झापू नकोस, ती मला येऊन सगळं सांगते.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरविंद