लिथियमची पातळी मोजून द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सादर नमस्कार.

गेल्या जागतिक मानसिक आरोग्य दिनी, १० ऑक्टोबरला, इंदुरातील एका शासकीय कार्यक्रमात असे आश्वासन देण्यात आले होते की, लिथियम या मानसिक आजारावरील औषधाची रक्तातील पातळी मोजणारी तपासणी सरकारी रुग्णालयात विनामूल्य सुरू होईल. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाला उलट्या होऊ लागल्या, हातांना कंप सुटला आणि त्याचा तोल जाऊ लागला. आम्ही त्याला रुग्णालयात नेले, तेव्हा तपासणीचे रसायनच आलेले नव्हते. ऊन लागले आहे, असे निदान झाले आणि एक सलाइन लावून, लिथियमच्या गोळ्या नेहमीप्रमाणे चालू ठेवा, असे बजावून आम्हाला घरी पाठवण्यात आले. दुसऱ्या दिवशी खासगी प्रयोगशाळेचा अहवाल हाती पडला : लिथियम २.१. या औषधाची योग्य पातळी साधारण ०.६ ते १.० असते आणि १.५ च्या पुढे ते विषासारखे वागू लागते. शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात; म्हणजे भर उन्हाळ्यात, जेव्हा ही तपासणी सर्वाधिक लागते, तेव्हाच ती नव्हती. डायलिसिस करून भाऊ वाचला. त्याचा खर्च आईच्या पाटल्या मोडून निघाला.

त्याला बायपोलर डिसऑर्डर आहे, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य आणणारा मनाचा आजार. उन्मादाच्या भरात तो माझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी काढलेले पैसे घेऊन सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या इंदूरच्या बाजारात, गेला आणि मध्यरात्र उलटेपर्यंत अनोळखी माणसांना गराडू (तळलेला कंद) नि मालपुवे खाऊ घालत बसला. पुढच्या नैराश्यात त्याला दात घासायला उठवणे, हेच माझे दिवसभराचे काम झाले. नातेवाइकांनी आईच्या लाडांना दोष दिला, एका विद्वानांनी शनीला.

संशोधक मात्र वेगळेच सांगतात. जुळ्यांच्या अभ्यासांवरून या आजारात आनुवंशिकतेचा वाटा ६० ते ८५ टक्के मानला जातो. कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये रुग्णांच्या त्वचेच्या पेशींपासून चेतापेशी घडवल्या. त्या वाजवीपेक्षा अधिक उत्तेजित होत होत्या, आणि ज्या रुग्णांना लिथियम लागू पडले होते, त्यांच्याच पेशी लिथियमने शांत झाल्या. बंगळुरूत निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आणि एनसीबीएस हे जीवशास्त्राचे संशोधन केंद्र मिळून भारतीय कुटुंबांतील रुग्णांच्या पेशींवर अशाच धर्तीचे काम करत आहेत. पेशीच्या आत शिरून या आजाराचा माग काढणारी माणसे आपल्या देशात आहेत. रक्तात लिथियम किती आहे, एवढे मोजून देणारे मात्र आमच्या जिल्ह्याला मिळत नाही.

महोदय, हे मी उपकार म्हणून मागत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चे कलम १८ सांगते की, अत्यावश्यक यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वर सर्व शासकीय ठिकाणी, सर्व काळ, विनामूल्य मिळाली पाहिजेत. लिथियम कार्बोनेट राष्ट्रीय यादीत आहे. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियन मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी ज्याचा उन्मादावरील परिणाम प्रसिद्ध केला, ते हे साधे, स्वस्त लवण. त्यावर कोणाची मक्तेदारी नाही आणि बहुधा म्हणूनच त्याच्या खरेदीत कोणाला गोडी नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातले या आजाराचे ०.३ टक्के हे प्रमाण धरले, तर तीस लाखांच्या इंदुरात नऊ हजार रुग्ण होतात आणि त्याच सर्वेक्षणाच्या हिशोबाने त्यांतले सत्तर टक्के उपचारांबाहेर असतात. नऊ हजार मतांना विचारतो कोण?

ओला नि सुका कचरा वेगळा करून सलग सात वर्षे देशात पहिले आलेले हे शहर आहे. मनोरुग्णांचे नशीब कचऱ्याइतके थोर नाही : ते रस्त्यावरून उचलले जात नाहीत आणि त्यांच्यामुळे शहराचा क्रमांकही लागत नाही. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ वर धीर जरूर मिळतो, पण धीर देऊन लिथियमची पातळी कळत नाही.

तपासणी सुरू करा, तिच्या जोडीला मूत्रपिंड आणि थायरॉइडचीही. गोळ्यांचा शिल्लक साठा रोज फलकावर लिहायला लावा. आणि कंप सुटलेला रुग्ण आला की तो लिथियमवर आहे का, एवढे विचारण्याचा लेखी आदेश काढा. ‘पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे’ एवढेच उत्तर येणार असेल, तर ते धाडण्याची तसदी घेऊ नये. संबंधित विभागाच्या बाहेरची बाके माझ्या ओळखीची आहेत.

आपली,
एका रुग्णाची बहीण, इंदूर