खोडलेल्या आलेखाबद्दल

मॅडम,

तुमचं नाव इथे घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. आभार खासगीतही मानता आले असते. पण ज्यांनी मदत केली नाही त्यांच्याही नजरेस हे पडावं, असा थोडा दुष्ट हेतू आहे.

आमचं काम कागदावर सोपं दिसतं. बिस्मथ सेलेनाइडच्या स्फटिकावर निओबियम धातू बसवायचं, थंड करायचं आणि सुपरकंडक्टरमधल्या (अतिवाहक, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहणाऱ्या पदार्थातल्या) इलेक्ट्रॉनांच्या जोड्या शेजारच्या पृष्ठभागात शिरतात का ते पाहायचं. निओबियम ९.२ केल्विनच्या आसपास आपलं आपण सुपरकंडक्टर होतं. बिस्मथ सेलेनाइडला मात्र ती अवस्था शेजाऱ्याकडून उसनी आणावी लागते. ते टोपोलॉजिकल इन्सुलेटर आहे, म्हणजे आतून विद्युतरोधक आणि पृष्ठभागावर वाहक. अशा पदार्थाच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनचा स्पिन (अंगभूत फिरकी) त्याच्या गतीच्या दिशेशी बांधलेला असतो. तिथे अशी उसनी अतिवाहकता आली तर तिच्या भोवऱ्यांच्या गाभ्यात मायोराना अवस्था (आपणच आपल्या प्रतिकणासारख्या असलेल्या) असायला हव्यात, असं भौतिकशास्त्रज्ञ फू आणि केन यांनी २००८ मध्ये मांडलं आणि सगळे त्यामागे धावले. आम्हीही.

आणि सगळं अडतं ते या दोन पदार्थांच्या सांध्यावर. पृष्ठभाग हवेत राहिला की त्यावर ऑक्साइड धरतं. ते काढायला आर्गॉन आयनांचा मारा करावा, तर जो पृष्ठभाग हवाय त्यालाच इजा होते. वर सेलेनियमच्या रिकाम्या जागांमुळे आतला भागही वीज वाहू लागतो, त्याचं दुखणं वेगळंच. शोधनिबंधांत मात्र या सगळ्यावर एक ओळ असते: पृष्ठभाग स्वच्छ करून धातू बसवला. कसा स्वच्छ केला, हे मी विचारत सुटलो होतो. एका मोठ्या गटाने कळवलं, सगळं पुरवणीत दिलंय. नव्हतं. दुसऱ्यांनी लिहिलं, आम्हाला असा त्रास कधीच झाला नाही. आणखी एकांनी आधी सहलेखकांच्या यादीबद्दल विचारलं, मग सांध्याबद्दल.

तुम्ही ओळखदेख नसताना बिघडलेल्या सॅम्पलांचं अख्खं फोल्डर पाठवलंत. चांगली सॅम्पलं कोणीही दाखवतं.

त्या फोल्डरमधला एक आलेख मला विसरता येत नाही. शून्य व्होल्टेजवर कंडक्टन्सचा, म्हणजे वीज किती सहज वाहते त्याचा, उभा, रेखीव पीक (शिखर). तो मायोरानाची खूण मानतात, म्हणून असा एखादा मिळावा यासाठी लोक देव पाण्यात घालून बसतात. त्यावर पेन्सिलीने आडवी रेघ आणि खाली तुमचं अक्षर: ‘बाजूचे खड्डे गॅपचे नाहीत, संपर्काचा क्रिटिकल करंट ओलांडल्याचे आहेत. छापायचं नाही.’ म्हणजे ते खड्डे सुपरकंडक्टरच्या ऊर्जेतल्या रिकाम्या पट्ट्याचे, गॅपचे, नव्हेत; संपर्काला झेपेल त्याहून जास्त करंट गेल्याने तिथली अतिवाहकता मोडली आहे. बस्स, एवढंच. ना उपदेश, ना स्वतःच्या प्रामाणिकपणाची जाहिरात. कोणी बघणार नव्हतं तेव्हा मारलेली ती रेघ होती, आणि ती तुम्ही एका अनोळखी विद्यार्थ्याला दाखवलीत. सांधा कसा करायचा हेही त्या फोल्डरमधून शिकलो, पण पीक दिसल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारायचा ते मी त्या रेघेवरून शिकलो: हे दुसऱ्या एखाद्या साध्या कारणाने तर येत नाही ना?

या विषयात तो प्रश्न किती महाग पडतो ते आपण पाहिलं आहे. चुंबकीय टोपोलॉजिकल इन्सुलेटर आणि सुपरकंडक्टर यांच्या जोडणीत मायोराना सापडल्याचा २०१७ चा गाजलेला शोधनिबंध २०२२ मध्ये मागे घेतला गेला. त्याआधीच, २०२० मध्ये, दुसऱ्या गटाने दाखवलं होतं की त्यात पुरावा मानलेली कंडक्टन्सची अर्धी पायरी (मूलभूत एककाच्या निम्म्यावर थबकलेला कंडक्टन्स) मायोरानाशिवायही येते. सुपरकंडक्टरचा संपर्क चांगला बसला तरी पुरतं. ज्यांनी ते चिकाटीने तपासलं त्यांच्या वाट्याला पहिल्या घोषणेएवढ्या टाळ्या आल्या नाहीत. माझ्या मते हे क्षेत्र अशाच लोकांच्या जिवावर उभं आहे. पुरस्कार मात्र पीकला मिळतात, रेघेला नाही.

आमचा सांधा आता बरा आहे. गॅपच्या आत कंडक्टन्स घटत नाही, वाढतो. म्हणजे अँड्रीव्ह परावर्तन होतंय: सांध्यावर आलेला इलेक्ट्रॉन दुसऱ्याला सोबत घेऊन जोडीने सुपरकंडक्टरमध्ये शिरतोय. अगदी निर्मळ सांध्यात तो दुपटीपर्यंत जायला हवा. तिथवर आम्ही पोचलेलो नाही, आणि मायोरानाचं तर नावही सध्या काढत नाही.

तुमचं फोल्डर मी नव्या विद्यार्थ्यांना देतो. परवानगी गृहीत धरली आहे. चालणार नसेल तर रागवा. आमच्याही बिघडलेल्या सॅम्पलांचं एक फोल्डर तयार केलंय, ते आज तुम्हाला पाठवतो. काहींपुढे कारणाचा रकाना रिकामाच आहे. तुम्हाला सुचलं तर भरून टाका.