नाइट ड्युटीतल्या प्रार्थनेविषयी

चि. ताईस,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

तुझा परवाचा मोठा मेसेज तुझ्या पप्पांनी आणि मी दोनदा वाचला. फोनवर तुझी ड्युटी आणि माझा स्वयंपाक यांच्यामध्ये धड बोलणे होत नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. तू म्हणतेस की वॉर्डात रुजू झाल्यापासून प्रार्थनेची घडी विस्कटली आहे, नाइट करून होस्टेलवर आल्यावर बायबल उघडताच डोळे मिटतात, शब्द तोंडातून जातात पण मन त्यांत नसते, आणि अशी प्रार्थना करण्यापेक्षा न केलेली बरी. यातली शेवटची गोष्ट सोडली तर बाकी सारे मला पटते.

आपल्या मंडळ्यांत प्रार्थनेची पारख आवेशावरून करण्याची सवय लागली आहे. कोणाचा आवाज चढला, कोणाच्या डोळ्यांत पाणी आले, कोण किती वेळ गुडघ्यांवर राहिले, यावरून आपण माणसाचा विश्वास मोजतो. (आमच्या महिला मंडळात तर काही जणी प्रार्थनेच्या निमित्ताने देवाला गल्लीतल्या बातम्याही सांगून टाकतात.) पण शिष्यांनी जेव्हा प्रभूकडे प्रार्थना शिकण्याची विनंती केली, तेव्हा त्याने त्यांना आवेश शिकवला नाही, तर पाठ होतील असे मोजके तयार शब्द दिले, आणि मत्तयाच्या सहाव्या अध्यायात त्याआधीच व्यर्थ बडबडीविषयी सावध केले. ज्याचे स्वतःचे शब्द संपले आहेत अशा दमलेल्या माणसाला तयार शब्दांचाच आधार असतो. तेव्हा प्रभूची प्रार्थना नुसती तोंडपाठ म्हटली जाते याची खंत करू नकोस.

तुम्हांला साबणाने हात धुण्याची जी पद्धत शिकवली आहे, तळहात, हाताची मागची बाजू, बोटांच्या फटी, अंगठे, नखांची टोके, तिला 40 ते 60 सेकंद लागतात असे तूच मला सांगितले होतेस. तेवढ्या वेळात प्रभूची प्रार्थना घाई न करता मनातल्या मनात पूर्ण होते. बेसिनपाशी उभी राहून ती म्हण. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ म्हणताना नळी लावून ज्यांना अन्न द्यावे लागते ते रुग्ण आठव, आणि ऋणे सोडण्याच्या विनंतीपाशी आलीस की हँडओव्हरच्या वेळी सर्वांसमोर तुला बोललेल्या त्या सिस्टरला आठव. हे दुसरे जड जाईल, पण रोज पाण्याखाली हात असताना म्हणत गेलीस तर हळूहळू जमेल.

मात्र नुसत्या अशा छोट्या प्रार्थनांवर भागत नाही. नहेम्या राजापुढे उभा असताना, राजाचा प्रश्न आणि आपले उत्तर यांच्या मधल्या क्षणात त्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली, हे आपण कौतुकाने सांगतो. पण त्याच्या आधीच्या अध्यायात तो कित्येक दिवस उपास करून देवासमोर रडत बसला होता, हे सांगायचे राहून जाते. म्हणून दिवसातली एक वेळ ठरव, आणि ती पहाटेचीच असावी असा आग्रह धरू नकोस. नाइट असेल त्या आठवड्यात दुपारी झोपून उठल्यावर, चहाच्या आधी, दहा मिनिटे पुरेत.

पहाटेच्या प्रार्थनेसाठी मार्कच्या पहिल्या अध्यायातले पस्तिसावे वचन नेहमी पुढे केले जाते, की प्रभू अंधार असतानाच उठून एकांत जागी गेला. त्या वचनाच्या मागचे आणि पुढचेही तू वाच, कारण तो भाग मला तुझ्याच कामाचा वाटतो. आदल्या संध्याकाळी सूर्य मावळल्यावर लोकांनी सगळे दुखणाईत त्याच्याकडे आणले होते, सारे नगर दाराशी लोटले होते, आणि इतके करून तो पहाटे जरा एकटा बसतो तोच शिमोन आणि सोबती त्याला शोधत येऊन सांगतात की सगळे तुमचा शोध करीत आहेत. म्हणजे त्याच्याही प्रार्थनेत व्यत्यय आला. तो त्यांच्यावर रागावल्याचे तिथे लिहिलेले नाही. तो उठला आणि पुढच्या गावांच्या कामाला लागला. तेव्हा तुझ्या दहा मिनिटांत कोणी दार वाजवले तर प्रार्थना वाया गेली असे समजू नकोस.

त्या वेळेत काय वाचावे असे विचारशील, तर स्तोत्रे वाच. एकशे चौतिसावे स्तोत्र अवघ्या तीन वचनांचे आहे आणि ते रात्रीच्या वेळी परमेश्वराच्या घरात उभे राहून सेवा करणाऱ्यांना उद्देशून आहे. एकशे तिसाव्यात पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी आहेत. पहाटे चार वाजता घड्याळ पुढे सरकत नाही म्हणजे काय, हे माझ्यापेक्षा तुला अधिक कळते.

आता त्या बाईंविषयी, ज्यांच्यासाठी तू महिनाभर प्रार्थना केलीस आणि ज्या वाचल्या नाहीत. तुझ्या विश्वासात काही कमी होते म्हणून असे झाले, असे कोणी म्हटले तर ऐकून घेऊ नकोस. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीन वेळा विनंती केली, तो निघाला नाही. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने तिसऱ्यांदाही तेच शब्द म्हणून प्रार्थना केली, आणि दुःखाचा प्याला टळला नाही. का, याचे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ ते चटकन तयार असते त्यांची मला थोडी भीतीच वाटते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहते, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. म्हणून देवापाशी तक्रार करायची असेल तर मोकळेपणाने कर, फक्त ती त्याच्याच पाशी कर.

केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या 1905 च्या संजीवनाची, म्हणजे विश्वासाच्या त्या नव्या जागृतीची, गोष्ट तू लहानपणापासून ऐकली आहेस. उपदेशक ती जून महिन्यापासून सुरू करतात, कारण तिथून अश्रू आणि गजर सुरू होतो. पण ते मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंनी तिथल्या मुलींना रोज प्रार्थनेसाठी एकत्र बसवायला सुरुवात केली ती जानेवारीत. मधल्या महिन्यांत त्या मुली रोज बसत होत्या, उठत होत्या आणि आश्रमाच्या कामाला लागत होत्या; त्या दिवसांविषयी कोणी फारसे बोलत नाही. मला तेच दिवस अधिक मोलाचे वाटतात. खुद्द रमाबाईंनीही शेकडो मुलींचा संसार सांभाळत, इब्री आणि ग्रीक शिकून, वर्षानुवर्षे बसून बायबलचे मराठी भाषांतर पुरे केले. ते काय रोज भरून आलेल्या मनाने झाले असेल?

पुढच्या महिन्याचे ड्युटीचे वेळापत्रक लागले की त्याचा फोटो पाठव, म्हणजे तुझ्या नाइटच्या दिवशी पप्पा आणि मी झोपण्याआधी तुझ्यासाठी प्रार्थना करू. रविवारी मंडळीत तुझ्या वॉर्डासाठी विनंती द्यावी का तेही कळव. रुग्णांची नावे अर्थातच सांगणार नाही. आणि दुपारी उठल्यावर चहा जरूर घे, पण दहा मिनिटांनंतर.

तुझी,
आई