लाल पट्टीखाली इंजिन कोणते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाहन पुरवणीत एखाद्या नव्या 'स्पोर्टी' गाडीचा फोटो आला की आमच्या घरी दोन तट पडतात. मुलगा लाल ब्रेक कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग) दाखवतो आणि मी विचारतो, "इंजिन बदललंय का?" बातमीत बहुधा त्याचे उत्तर नसते, म्हणून हे पत्र.

ह्युंदाईची सध्याच्या पिढीची आय-ट्वेंटी नोव्हेंबर 2020 मध्ये आली. तिच्यात एक लिटर, 120 पीएसचे (पीएस म्हणजे ढोबळमानाने अश्वशक्ती) टर्बो, म्हणजे जास्त हवा कोंबून ताकद वाढवलेले इंजिन, पहिल्या दिवसापासून मिळत होते. दहा महिन्यांनी तिची स्पोर्टी आवृत्ती 'एन लाइन' आली, तेही इंजिन तेच आणि ताकदही तेवढीच. सस्पेन्शन कडक, स्टिअरिंग जरा जड, चारही चाकांना डिस्क ब्रेक, एक्झॉस्टचा आवाज भारदस्त. हे बदल खरे आहेत, त्यांना मी नुसती रंगरंगोटी म्हणणार नाही. खटकले ते पुढचे. सप्टेंबर 2023 च्या फेसलिफ्टमध्ये, म्हणजे त्याच गाडीला नवा चेहरा देताना, साध्या आय-ट्वेंटीतून टर्बो काढूनच टाकले. टर्बो हवे तर एन लाइन घ्या! दोन गाड्यांतले अंतर वाढले खरे, पण एन लाइन एका पीएसनेही पुढे गेली नाही. साधीला मागे ओढले. युरोपात नुसत्या 'एन' नावाची आय-ट्वेंटी होती, 1.6 लिटर टर्बो आणि 204 पीएसची. ती आपल्याकडे आलीच नाही. 'लाइन' हा एवढासा शब्द जोडला आणि 84 घोडे तबेल्यातच राहिले.

ह्युंदाईच्याच क्रेटाची गोष्ट वेळेची आहे. फेसलिफ्ट जानेवारी 2024 मध्ये, एन लाइन मार्चमध्ये. दीड लिटरचे 160 पीएसचे टर्बो दोन्हींत, पण त्याच्यासोबत हाताने टाकायचे गिअर फक्त एन लाइनमध्ये. जानेवारीत ऑटोमॅटिकवर समाधान मानून ज्याने गाडी घेतली, त्याने दोन महिन्यांनी कपाळाला हात लावायचा, दुसरे काय!

खरोखर वेगळी गाडी म्हणाल तर ती आमच्या पुणे जिल्ह्यातच बनली होती. फियाटच्या रांजणगावच्या कारखान्यातली अबार्थ पुंटो (अबार्थ हा फियाटचाच वेगवान गाड्यांचा ब्रँड): 1.4 लिटर टर्बो, 145 पीएस, किंमत दहा लाखांच्या आत. साध्या 1.2 पेट्रोल पुंटोत 68 पीएस होते, म्हणजे ताकद दुपटीहून जास्त. इथे बॅजखाली माल होता. पण पुंटो भारतात आली 2009 मध्ये आणि अबार्थ ऑक्टोबर 2015 मध्ये. तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या शोरूममध्ये जाऊन बसले होते. टाटांची अल्ट्रोझही जानेवारी 2020 ची. तिची 120 पीएसची स्पोर्टी आवृत्ती 'रेसर' मिळायला जून 2024 उजाडले, आणि पुढे वर्षही झाले नाही तोच साधी अल्ट्रोझ नवा चेहरा घेऊन हजर झाली.

मला यामागे एकच हिशेब दिसतो. मॉडेल नवे असते तेव्हा ते आपसूक खपते, जोरकस आवृत्ती तेव्हा काढायची गरज वाटत नाही. मागणी मंदावली की ती शोरूममध्ये गर्दी खेचायला बाहेर काढतात. धंदा म्हणून यात गैर नाही. पण ज्याला गाडी चालवायची हौस आहे, तोच बिचारा पहिल्या आठवड्यात पैसे घेऊन रांगेत उभा असतो.

कंपन्यांना आपण वेळापत्रक विचारू शकत नाही, पण आपल्या पुरवणीला एक विनंती नक्की करता येईल. अशा गाडीची बातमी छापताना एक लहानशी चौकट द्यावी. साध्या मॉडेलच्या तुलनेत पीएस किती, टॉर्क (इंजिनाचा पिळाचा जोर) किती, गिअरबॉक्स कोणता, ब्रेक आणि टायर बदललेत का, आणि शेजारी दोन्हींच्या किमती. लाल कॅलिपरचा फोटो थोडा लहान केला तर जागाही होईल.

— एक वाचक, चिंचवड