तिसऱ्या घंटेशिवायचं नाटक दाखवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

नाव लिहीत नाहीये, तुम्हाला आवडणार नाही. पण लिहिणार मात्र सगळ्यांसमोरच, कारण फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, काम काय चाललंय ते सांग" म्हणून विषय बदलता.

माझी अवस्था तुम्ही बघितलीच होती. दिवसा पेंटिंगचा डिप्लोमा, संध्याकाळी एकांकिकांचं नेपथ्य, मधेच एखादी भूमिका. नाटकवाले म्हणायचे हा चित्रातला, चित्रवाले म्हणायचे नाटकी आहे. "आधी एक काय ते ठरव" हे घरच्यांपासून सरांपर्यंत सगळ्यांनी ऐकवून झालेलं. तुम्ही ते बोलला नाहीत, पोर्टफोलिओ बाजूला सरकवलात, चहा मागवलात आणि निखिल चोप्रा या परफॉर्मन्स आर्टिस्टच्या, म्हणजे लोकांसमोर प्रत्यक्ष काहीतरी करणं हीच ज्याची कला त्याच्या, कामाचे फोटो काढून बसलात.

मला ते गोव्यात राहतात आणि कायतरी परफॉर्मन्स करतात एवढंच माहीत. तुम्ही सगळं लावून सांगितलंत. बडोद्याला पेंटिंग, मग अमेरिकेत ओहायो स्टेट, सुरुवातीच्या कामात संस्थानिकाच्या थाटातला 'सर राजा' आणि त्यानंतर 'योग राज चित्रकार'. हे पात्र त्यांच्या आजोबांवरून घेतलेलं, काश्मीरची लँडस्केप्स करणारे योग राज चोप्रा. म्हणजे नातवाने जुन्या काळचे कपडे चढवायचे, २००७ मध्ये श्रीनगरच्या लाल चौकात जायचं आणि भर चौकात चित्र काढायचं! मी विचारलं, हे नाटक करता करता चित्र की चित्र काढता काढता नाटक? तुम्ही म्हणालात, ते सोड, रेघ बघ. कोळशाची रेघ खरंच जबरदस्त होती.

पण मला खरा झटका बसला तो वेगळ्याच गोष्टीने. आमच्याकडे तिसरी घंटा होते, पडदा जातो, आणि दाढी-मिशी, कपडे, मेकअप, भूक, झोप हे सगळं विंगेत राहतं. हा माणूस तेच उचलून लोकांसमोर ठेवतो, सगळ्यांदेखत दाढी करतो, कपडे बदलतो, जेवतो, झोपतो, आणि मागे भिंतीएवढं चित्र वाढत असतं. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये तर ९ दिवस तिथेच मुक्काम. २०१७ ला डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनासाठी ग्रीसमधल्या अथेन्सपासून जर्मनीतल्या कासेलपर्यंत रस्त्याने, वाटेत थांबत, चित्रं काढत. मी म्हटलं एवढं सगळं बघणार कोण, लोक पाच मिनिटं थांबून पुढे जातात. तुम्ही म्हणालात, "अख्खं कोणीच बघत नाही. तुझं नेपथ्य तरी कोण अख्खं बघतं?" लागलं ते, पण बरोबर होतं. (मला अजूनही वाटतं की कधी कधी त्यांचे कपडेच कामापेक्षा जास्त बोलतात. यावर आपण भांडू.)

आणि थँक्यू पैशांचं सरळ सांगितल्याबद्दल. परफॉर्मन्स संपला की हातात काय उरतं, तर ड्रॉइंग्ज, फोटो, व्हिडिओ, कपडे, म्हणून फोटोग्राफरचा खर्च पहिल्याच बजेटमध्ये धर, शेवटी उरलं तर बघू असं करू नको. हे आम्हाला वर्गात कोणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही एचएच आर्ट स्पेसेसबद्दल सांगितलंत तेही डोक्यात राहिलंय. २०१४ मध्ये चोप्रांनी माधवी गोरे आणि रोमाँ लुस्तो यांच्यासोबत गोव्यात काढलेली जागा, दुसऱ्या कलाकारांनी यावं, राहावं, करून बघावं म्हणून. स्वतःचं नाव होत असताना लोकांसाठी जागा चालवणं म्हणजे भाडं, जेवणखाण, लाइटबिल, नुसता ताप. मला तर मेटपेक्षा हेच भारी वाटतं. आणि त्याच २०१४ ला कोचीच्या बिएनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या कलामहोत्सवात, परफॉर्म केलेल्या माणसाने २०२५ च्या डिसेंबरात सुरू झालेली बिएनाले एचएचलाच सोबत घेऊन क्युरेट केली, हे वाचलं तेव्हा पहिला मेसेज तुम्हालाच टाकला होता.

असो, लांबलं. मी एका रेसिडेन्सीचा (तिथेच राहून काम करायचं, त्याचा) अर्ज भरलाय, माध्यमाच्या रकान्यात ड्रॉइंग आणि परफॉर्मन्स दोन्ही लिहिलंय, आणि शिफारसपत्रासाठी न विचारताच तुमचा मेल आयडी दिलाय. दोन-तीन दिवसांत मेल येईल, स्पॅममध्येपण बघा प्लीज.