अपक्षाच्या बाकावर कागद कोण पोचवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अपक्ष खासदारांना सरकारी खर्चाने जादा कर्मचारी द्यावेत का, यावरचे आपले संपादकीय वाचले. जो स्वतःच्या हिमतीवर निवडून आला, त्याने कामही स्वतःच्या हिमतीवर करावे, असा त्याचा एकंदर सूर आहे. ऐकायला बरे वाटते. पण मी बरीच वर्षे एका सभागृहात प्रतिवेदक होतो. सदस्य बोलतात आणि आम्ही खाली बसून शब्दन् शब्द टिपतो. त्या जागेवरून माणसांचे चेहरे कमी आणि हातातले कागद जास्त दिसतात, म्हणून हे लिहितो आहे.

विधेयक चर्चेला आले की पक्षाच्या सदस्याच्या हातात विधेयकाबरोबर पक्ष कार्यालयाची दोन पानी टिपणी असायची. कोणता खंड कशासाठी आहे, आपली भूमिका काय, कोण किती मिनिटे बोलणार, मत कुठे टाकायचे, सगळे त्यात. प्रतोदाच्या माणसाने ती आदल्या रात्रीच पोचवलेली असे. शेवटच्या रांगेत एक अपक्ष सदस्य बसत. त्यांच्याकडे फक्त विधेयक आणि एक शिसपेन्सिल. आता सुधारणा विधेयक म्हणजे काय प्रकार असतो, तो बघा. ‘मूळ अधिनियमाच्या कलम १७, पोटकलम (२) मधील “तीस दिवस” या मजकुराऐवजी “नव्वद दिवस” हा मजकूर दाखल करण्यात येईल.’ कशाचे तीस दिवस? कोणाला मिळणार नव्वद? मूळ कायदा शेजारी उघडा ठेवल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळायचे नाही. एकदा हे गृहस्थ तो कायदा आणायला स्वतः उठून ग्रंथालयात गेले. परत येऊन बसेपर्यंत ‘खंड ४ ते ९ विधेयकाचा भाग झाले आहेत’ हे पीठासीन अधिकाऱ्यांचे वाक्य मी लिहून पुढच्या पानावर गेलो होतो.

आणि खरी गंमत अशी की, ज्याला टिपणी मिळते त्याला ती वाचायची फारशी गरज नसते. पक्षादेश निघाला की हात वर करायचा की खाली ठेवायचा हे ठरलेलेच असते. अपक्षाला मात्र प्रत्येक मत स्वतः ठरवावे लागते आणि मतदारसंघात त्याचे उत्तरही एकट्यालाच द्यावे लागते. मग वाचणारा माणूस जास्त कोणाला लागतो?

आपण ऑस्ट्रेलियाचा दाखला दिलात, पण अर्धाच. २०२२ च्या निवडणुकीत १५१ जणांच्या प्रतिनिधीगृहात १० अपक्ष निवडून आले. आधीच्या सरकारच्या काळात अशा सदस्यांना मतदारसंघ कार्यालयातल्या माणसांखेरीज चार सल्लागार मिळत. नवे पंतप्रधान अँथनी अल्बानीझ यांनी जूनमध्ये चाराचा एक केला. सत्ताधारी बाकांवरच्या साध्या सदस्यांना इतके कर्मचारी नाहीत, मग यांनाच का, हा त्यांचा युक्तिवाद आपण छापलात. तो अगदीच टाकाऊ नाही. पण साध्या सदस्याच्या पाठीशी मंत्र्यांची कार्यालये आणि पक्षाची यंत्रणा उभी असते, हे त्यात येत नाही. आणि मला जास्त खटकते ते वेगळेच: चार असोत की एक, आकडा पंतप्रधानांच्या मर्जीवर होता. ज्याच्यावर लक्ष ठेवायचे, त्याच्याकडेच मदतनीस मागायला जायचे!

ब्रिटनमधला नियम तर गणिताच्या वहीत लिहून ठेवावा असा आहे. तिथे १९७५ पासून विरोधी पक्षांना संसदीय कामासाठी सार्वजनिक पैसा मिळतो. अट अशी की किमान दोन जागा हव्यात, किंवा एक जागा आणि निवडणुकीत दीड लाखांहून जास्त मते. तिथल्या बहुतेक मतदारसंघांत मतदारच सत्तर-पंचाहत्तर हजार. म्हणजे एखाद्या अपक्षाला मतदारसंघातल्या झाडून सगळ्यांनी मत दिले, तरी तो निम्म्यावरच अडकणार. नियम पक्षांसाठीच आहे, हे मला मान्य. सदस्य म्हणून कर्मचाऱ्यांसाठी मिळणारा पैसा तिथे अपक्षालाही इतरांसारखाच मिळतो, हेही खरे. पण पक्षाला त्यावर वरकड मिळते, अपक्षाला नाही.

भारतात १९९८ च्या कायद्याने लोकसभेतल्या पक्षनेत्यांना आणि मुख्य प्रतोदांना ज्या सोयी मिळतात, त्यासाठी गटात किमान तीस सदस्य लागतात. तिथे एकट्यादुकट्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

आता आपल्या संपादकीयाच्या बाजूचेही सांगतो. अपक्ष म्हणजे धुतल्या तांदळासारखा, असे मी म्हणणार नाही. आयर्लंडमध्ये अपक्षांना संसदीय कामासाठी स्वतंत्र भत्ता आहे. पक्षनेत्यांना त्याचा हिशेब द्यावा लागे, अपक्षांना मात्र २०१४ च्या कायद्यापर्यंत तो द्यावाच लागत नसे. हे चूकच होते. त्याच देशात जानेवारी २०२५ मध्ये सरकारला पाठिंबा देणाऱ्या काही अपक्षांनी विरोधकांच्या वाट्याच्या बोलण्याच्या वेळेत हिस्सा मागितला. त्यावर एवढा गोंधळ झाला की पंतप्रधानांची निवड एक दिवस पुढे गेली. ताटात एक आणि वाटीत एक, अशी सोय कोणालाच नको. सोयी फक्त गटालाच मिळत असतील, तर नावापुरते गट निघणारच. युरोपीय संसदेत १९९९ मध्ये एकमेकांशी काही देणेघेणे नसलेल्यांनी असाच ‘तांत्रिक गट’ काढला होता. संसदेने तो मोडला आणि २००१ मध्ये न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

म्हणून रोख पैसे देण्यापेक्षा जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९८९ मध्ये धरलेली वाट मला पटते. ग्रीन पक्षातून बाहेर पडलेल्या एका सदस्याचे ते प्रकरण होते. गटांना मिळतो तसा निधी एकट्याला मागता येणार नाही, पण समितीत बसण्याचा, बोलण्याचा आणि सूचना मांडण्याचा हक्क त्याला आहे, असे न्यायालयाने ठरवले. तिथल्या समितीत मताचा हक्क त्याला मिळाला नाही, तेवढे मला जाचते. माझी मागणी याहून फार पुढची नाही. संसदेच्या सचिवालयातच पाच-सहा कायदा जाणणारी आणि अंदाजपत्रक वाचता येणारी माणसे गटाबाहेरच्या सदस्यांसाठी राखून ठेवावीत. त्यांचे पगार, बढत्या, बदल्या सचिवालयाकडेच असाव्यात. त्यांनी प्रत्येक विधेयकाबरोबर मूळ कलमे शेजारी छापलेला तक्ता द्यावा. किती माणसे, हे निवडणुकीनंतर अपक्षांच्या संख्येवरून आपोआप ठरावे, कोणाच्या पत्रावरून नव्हे.

संपादकीयात आपण अपक्षांच्या कर्मचाऱ्यांवरच्या खर्चाचा मुद्दा ठळक चौकटीत मांडला आहे. पक्षगटांच्या कार्यालयांवर आणि प्रतोदांच्या दालनांवर सरकारी तिजोरीतून काय जाते, याचीही चौकट पुढच्या अंकात शेजारी छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्रतिवेदक