सोन्याची वाटी

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

काल फोनवर आई म्हणाली, "तू सांगतेस ते फोन ठेवला की डोक्यातून जातं, एकदा नीट लिहून पाठव." म्हणून हे पत्र. हैदराबादला माझी खोली लागली आहे, डबाही बरा मिळाला आहे, माझी काळजी करू नका. जीव नारायण पेठेतच अडकला आहे, आपल्या मांजरापाशी, सोन्यापाशी.

आई, येणाऱ्या-जाणाऱ्याला तू सांगतेस की सोन्याचा डायबेटिस बरा झाला. ऐकायला मलाही छान वाटतं. पण डॉक्टरांचा शब्द 'रेमिशन' आहे. शुगर इन्सुलिनशिवाय आटोक्यात राहते आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती का राहते आहे, तर त्याच्या वाटीत काय पडतं त्यामुळे. म्हणून एवढं लांबलचक लिहिते आहे.

मागची दिवाळी आठवा. न्हाणीघरातल्या बादलीत तोंड घालून पाणी पीत होता, दिवसभर खा-खा करत होता आणि तरी हाताला बरगड्या लागत होत्या. मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालायचा. आपल्याला वाटलं, अकरा वर्षांचा झाला, म्हातारा झाला. ते म्हातारपण नव्हतं, वाढलेल्या साखरेने पायांच्या नसा दुबळ्या झाल्या होत्या. आता तोच सोन्या कपाटावर उडी मारून बसतो. त्या उडीकडे रोज लक्ष द्या. उडी चुकायला लागली किंवा टाचा परत टेकायला लागल्या, तर वाट बघू नका.

आता खाणं. रोजचे ओल्या खाण्याचे तीन पाऊच, सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात आणि रात्री साडेदहा असे चार वेळांत विभागून. फ्रीजमधलं गार तो हुंगून सोडून देतो, त्यात चमचाभर गरम पाणी कालवा. तासाभरात संपलं नाही तर टाकून द्या. ड्राय फूडचं पाकीट मी मुद्दाम ठेवलेलं नाही. ते दाणे घट्ट व्हायला त्यात पीठ लागतंच, आणि मांजराच्या लिव्हरला पिठातली साखर माणसासारखी पटापट हाताळता येत नाही. मूळचा मांसाहारी प्राणी तो. दूधभात, पोळीचा तुकडा, मारी बिस्किट, काहीच नको. उकडलेलं चिकन, बिनमिठाचं, दोन घास चालेल, पण त्यावरच ठेवू नका, कारण त्याला लागणारं टॉरिन आणि कॅल्शियम त्यात पुरेसं नसतं. आपल्या रश्शातलं तर मुळीच नाही, कांदा-लसूण मांजराला विषासारखा आहे.

आई, मला माहीत आहे, सकाळी दुधाची पिशवी कापल्याचा आवाज आला की तो तुझ्या पायात घोटाळतो आणि तुला राहवत नाही. इतकी वर्षं तू त्याला बशी दिली आहेस. पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली. मांजराला गोड चव कळतच नाही. पेढ्याचा कण तो चाटतो तो खव्याच्या स्निग्धपणासाठी, बासुंदीपाशी येतो तो सायीसाठी. म्हणजे गोड न दिल्याने त्याचं काही हिरावलं जात नाही. त्याला तुझा हात हवा असतो. पिशवी कापलीस की त्याच्या गालापाशी खाजव, दोरीला बांधलेला कागदाचा बोळा दोन मिनिटं ओढ. मी करून पाहिलं आहे, बशी विसरतो.

बाबा, मोजमापाचं काम तुमच्याकडे. इन्सुलिनच्या महिन्यांत तुम्ही ठेवलेली वही मी इतक्यांदा चाळली आहे की पानं पाठ झाली आहेत. सकाळी आठ, रात्री आठ, एकही रकाना रिकामा नाही. डॉक्टर म्हणाले होते, घरी एवढं मोजलं म्हणूनच तो सुटला. आता रोज नको, दर रविवारी सकाळी खाण्याआधी एकदा. कोमट पाण्यात पिळलेला रुमाल कानाला अर्धा मिनिट धरा, मग कानाच्या कडेला व्हॅसलिनचं बोट लावा आणि तिथे लॅन्सेटने, म्हणजे त्या बारीक सुईने, टोचा. त्याने रक्त केसांत पसरत नाही, मोहरीएवढा लाल थेंब वर तसाच उभा राहतो आणि स्ट्रिप तो लगेच ओढून घेते. मागून कापूस धरायला विसरू नका, नाहीतर लॅन्सेट तुमच्याच बोटात जाते. माणसांचं मीटर मांजरात आकडा जरा कमीच दाखवतं, हे डॉक्टरांनी धरलेलं आहे. 150 च्या आत असला तर ठीक. 180 च्या वर गेला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा, आणि परत तसाच आला तर फोन करा, आधी डॉक्टरांना, मग मला.

फक्त ढोल-ताशांची प्रॅक्टिस नदीपात्रात सुरू असेल त्या वेळी मीटर काढू नका. पलंगाखाली भेदरून बसलेल्या मांजराची साखर घाबरण्यानेच चढते. म्हणून तर दवाखान्यात त्याचा आकडा नेहमी जास्त येतो. अशा वेळी डॉक्टर फ्रुक्टोसामाइन नावाची रक्ततपासणी करतात, त्यात आधीच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी कळते. तुमच्या तीन महिन्यांच्या एचबीए1सी सारखंच समजा.

रोजच्या रोज मात्र लिटरमधले, म्हणजे त्याच्या शी-शूच्या वाळूतले, शूचे गोळे मोजा. दोन-तीन ठीक. चार-पाच व्हायला लागले, किंवा एकच गोळा मुठीएवढा निघाला, तर शुगर वाढते आहे असं धरून चाला. आकड्याआधी कधी कधी तिथेच कळतं. वजन पंधरवड्याने: काट्यावर आधी एकटे उभे राहा, मग त्याला कडेवर घेऊन. जाताना 4.8 किलो होता.

एक गोष्ट माझ्या मनाला अजून लागून आहे. एप्रिलमध्ये त्याला खाज सुटली तेव्हा आपले डॉक्टर गावाला गेले होते, म्हणून मी जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे दिलेलं इंजेक्शन स्टेरॉइडचं होतं. त्याला डायबेटिस होता हे मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. आठवड्यात साखर चढली आणि फेब्रुवारीत सुटलेल्या सुया परत सुरू झाल्या, जूनपर्यंत. त्यामुळे माझ्या मागे कुठल्याही डॉक्टरांकडे न्यावं लागलं, तर टेबलावर ठेवायच्या आधी बोला: "याला डायबेटिस होता, स्टेरॉइड नको." दातही बघायला सांगा. हिरडीतल्या जंतूंनीही साखर वर जाते.

गणपतीत घर भरलेलं असेल. गौरीच्या जेवणाला येणारं प्रत्येक पोर त्याला काहीतरी भरवणार. त्या दिवशी त्याला माझ्या खोलीत ठेवा, वाटी आणि लिटर आत, दार लावून. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडचा आवाज थेट आपल्या खिडकीत येतो, तेव्हाही तसंच. दुसऱ्या दिवशी जेवला की नाही तेवढं बघा. पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही, तर मांजराच्या लिव्हरवर चरबी चढायला लागते, तेव्हा लाडीगोडी लावत बसू नका, रिक्षा करून दवाखाना गाठा. उलट्या झाल्या किंवा तोंडाला नेलपॉलिश काढण्याच्या औषधासारखा वास आला तरी तसंच, रात्र असली तरी.

बाबा, त्याच वहीत डाव्या पानावर तुमची शुगर लिहायची ठरली होती. मी निघाले तेव्हा ते पान पंधरा दिवस कोरं होतं. मला ते दिसलं होतं, स्टेशनला जायच्या घाईत बोलले नाही. रविवारी दोन्ही पानांचा फोटो पाठवा.

तुमची लेक